द्वेषगुन्ह्यांचा कायदा : शिक्षा वाढली, किल्ली कोणाच्या हाती?

डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाने द्वेषमूलक वक्तव्ये व द्वेषमूलक गुन्हे यांना प्रतिबंध करणारे विधेयक विरोधकांच्या गदारोळात संमत केले. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, निवास, भाषा, अपंगत्व अशा कारणांवरून एखाद्या जिवंत वा मृत व्यक्तीविरुद्ध किंवा समाजाविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यास एक ते सात वर्षांची कैद आणि ५० हजार रुपये दंड, अशी तरतूद त्यात आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरविला आहे. द्वेषगुन्ह्यांची स्वतंत्र व्याख्या करून त्यांना एकाच कायद्यात बांधण्याचा एवढा विस्तृत प्रयत्न आपल्या शेजारच्या राज्याने केल्यामुळे साहजिकच आपल्याकडेही प्रश्न विचारला जात आहे की, महाराष्ट्राने असा कायदा का करू नये?

हा प्रश्न विचारणाऱ्यांत आपला ख्रिस्ती समाज आघाडीवर आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. जून २०२५ मध्ये सांगली येथे जतचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी भर सभेत धर्मगुरूंना मारहाण करणाऱ्यांसाठी लाखो रुपयांची बक्षिसे जाहीर केली. लोकप्रतिनिधीच्या तोंडून आलेल्या त्या भाषेने गावोगावच्या धर्मग्रामांत भीती पसरली. ११ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि स्वतंत्र चर्चचे हजारो ख्रिस्तीजन एकत्र आले. एरवी एकमेकांच्या सणालाही क्वचित भेटणारे आपण भीतीपोटी का होईना एकत्र आलो, हे येथे नमूद करावेसे वाटते. त्या दिवसापासून ‘कडक कायदा हवा’ ही मागणी आपल्या सभांमधून सातत्याने ऐकू येते.

मागणी रास्त आहे. परंतु ‘कडक’ या शब्दाविषयी आम्हांला थोडे थांबून विचार करावासा वाटतो. आपल्या देशात द्वेष पसरविण्याविरुद्ध कायदाच नव्हता, असे नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत १५३-अ आणि २९५-अ ही कलमे होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच कलमे अनुक्रमे १९६ आणि २९९ या क्रमांकांनी आली आहेत. त्याच संहितेच्या कलम १०३ (२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. या यादीत ‘धर्म’ हा शब्द मात्र नाही. ‘वैयक्तिक श्रद्धा’ आणि ‘तत्सम अन्य कारण’ या शब्दांत धर्म सामावतो असा युक्तिवाद वकील मंडळी करतील, पण ज्या कारणावरून या देशात सर्वाधिक जमाव गोळा होतात, तोच शब्द मसुदाकारांनी वगळावा याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

तेव्हा कायदा होता आणि आहे. मग तो वापरला का गेला नाही, हे पाहण्यासाठी आम्हांला नायगावच्या बाहेर जाण्याचीही आवश्यकता नाही.

नायगावच्या बीडीडी चाळी मुंबईला ठाऊक आहेत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी ४२ नायगावच्या. १६० चौरस फुटांच्या खोल्यांमध्ये कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार, बौद्ध कुटुंबे, पोलीस शिपाई यांचे संसार शेजारी-शेजारी उभे राहिले. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीच्या दिवसांत वरळी येथे दलित पँथरची सभा झाली, तीवर दगडफेक झाली, आणि मग जे पेटले ते नायगावच्या चाळींपर्यंत पोहोचले. १० जानेवारीला परळ भागात मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण पँथर कार्यकर्ता ठार झाला. सरकारने न्या. भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाच्या नावातच वरळी आणि नायगाव ही दोन्ही नावे आहेत. एका जिन्यावरून वर्षानुवर्षे ये-जा करणारी माणसे एकमेकांवर सोड्याच्या बाटल्या आणि दगड फेकू लागली, तर शेजार ही गोष्ट द्वेषावरचा उतारा म्हणून आपोआप पुरी पडत नाही, एवढे त्या दिवसांनी दाखविले. आयोगाचा अहवाल आला, आणि अहवाल ग्रंथालयात गेला.

याच परिसराशी निगडित दुसरा प्रसंग कायद्याच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळात ‘सामना’ या दैनिकात प्रसिद्ध झालेल्या अग्रलेखांबद्दल कलम १५३-अ खाली खटला चालवावा, अशी मागणी घेऊन राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर हे मुंबई उच्च न्यायालयात गेले. डिसोझा हे मुंबईचे महापालिका आयुक्तही राहिलेले गृहस्थ. शासन आतून पाहिलेल्या एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याला शासनाने आपले कर्तव्य करावे म्हणून न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. सप्टेंबर १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. लेखांचा रोख देशविरोधी घटकांवर आहे, समग्र मुस्लिम समाजावर नाही, असा न्यायालयाचा एकंदर अभिप्राय होता. १९९५ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

पुढे न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळापुढे आला. सरकार बदलले. जुलै २००० मध्ये विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि छगन भुजबळ गृहखाते सांभाळत असताना त्या जुन्या लेखांबद्दल खटल्याला मंजुरी देण्यात आली. २५ जुलै २००० रोजी बाळासाहेब ठाकरे यांना अटक दाखवून भोईवाडा न्यायालयात हजर करण्यात आले. हे न्यायालय नायगावला लागूनच आहे. सारी मुंबई त्या दिवशी बंद होती. दंडाधिकाऱ्यांनी खटला मुदतबाह्य ठरविला आणि त्याच दिवशी प्रकरण संपले. आमचा हेतू जुन्या जखमा उकरण्याचा नाही. ज्यांच्यावर तो खटला होता तेही आज हयात नाहीत. खटला चालला असता तर निकाल काय लागला असता, हेही कोणी सांगू नये. प्रश्न एवढाच की, पुरावा तपासण्याची वेळच का आली नाही?

त्याचे उत्तर दोन रुक्ष तरतुदींत आहे आणि वाचकांनी ते समजून घ्यावे अशी आमची विनंती आहे. पहिली तरतूद मंजुरीची. १५३-अ आणि २९५-अ या कलमांखालील गुन्ह्याची न्यायालयाला राज्य वा केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय दखलच घेता येत नसे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ मध्येही हे कुलूप जसेच्या तसे आहे. दुसरी तरतूद मुदतीची. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे, त्याची दखल न्यायालयाने सामान्यतः तीन वर्षांच्या आत घ्यावी लागते. मंजुरी मिळविण्यात गेलेला काळ यातून वगळता येतो आणि न्यायाच्या हितासाठी न्यायालय विलंब माफही करू शकते, पण त्यासाठी कोणीतरी मंजुरी मागितलेली असावी लागते. या दोन तरतुदी एकत्र ठेवल्या म्हणजे काय होते ते पाहा. सरकारला खटला नको असेल तर त्याने नकार देण्याचीही गरज नाही. फाईल टेबलावर राहू द्यायची. तीन वर्षांनी कॅलेंडरच आरोपीची निर्दोष मुक्तता करते. लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी निदान रोज जाऊन उभी तरी राहू शकत होती. आपल्याकडे ती न्यायाधीशापर्यंत पोहोचण्याआधी मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर अडते.

या प्रकाशात कर्नाटकच्या विधेयकाकडे पाहिले तर सात वर्षांच्या शिक्षेचा खरा लाभ ध्यानात येतो. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदतीची ती मर्यादा लागू नाही. शिवाय कलम २१७ चे कुलूप त्यात नावानिशी नोंदलेल्या गुन्ह्यांनाच आहे, स्वतंत्र कायद्याखालील गुन्ह्यांना ते आपोआप लागत नाही. म्हणजे भोईवाड्यात जे घडले, ते तशा कायद्याखाली त्याच कारणाने घडणार नाही. ही सुधारणा लहान नव्हे.

परंतु दुसरी बाजूही आहे. कुलूप काढले की दार सर्वांनाच उघडे होते. ‘वैरभाव’, ‘बेबनाव’, ‘आकस’ असे सैल शब्द, अजामीनपात्र गुन्हा, आणि निर्णय स्थानिक ठाणेदाराच्या हाती, हे मिश्रण आपल्या ओळखीचे आहे. याच सुवर्ण विधानसौधात डिसेंबर २०२१ मध्ये, दुसऱ्या पक्षाचे सरकार असताना, कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक संमत केले होते आणि तेव्हा आपलेच धर्मबांधव रस्त्यावर उतरले होते. चार वर्षांच्या अंतराने एकाच सभागृहातून दोन कायदे निघाले. एकाने आपल्याला धाक घातला, दुसऱ्याने आधार देऊ केला. सरकारे पाच वर्षांनी जातात, कायद्याचे पुस्तक मागे राहते. आज जे कलम द्वेषाचे भाषण करणाऱ्यावर चालेल, तेच उद्या खेड्यातील प्रार्थनासभेत मूर्तिपूजेविषयी बायबलमधील उतारा वाचणाऱ्या पाळकावर चालविता येईल. विधेयकात कला, विज्ञान, साहित्य आणि प्रामाणिक धार्मिक हेतू यांना सूट आहे खरी. पण सूट मिळते ती खटल्यात. अटक त्याआधी होते. बेळगावच्या मराठी भाषकांनीही या विधेयकातील ‘भाषा’ हा शब्द लक्षपूर्वक वाचावा. तो त्यांचे रक्षण करू शकतो, तसाच सीमाप्रश्नावरील त्यांच्या घोषणांवरही उगारला जाऊ शकतो. आणि मुंबईत बसून आपण हे लिहीत आहोत तर हेही म्हटले पाहिजे की, मराठी येत नाही म्हणून दुकानदाराच्या थोबाडीत मारणे हा भाषेवरून केलेला द्वेषगुन्हाच आहे. मराठीवर आमचे प्रेम कोणाहून कमी नाही, आमची उपासना याच भाषेत होते. त्या प्रेमाला अशा पुराव्याची गरज नाही.

हा पेच केवळ आपला नाही. कॅनडात सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने द्वेषगुन्ह्यांविषयीच्या कायद्यात बदल सुचविणारे सी-९ हे विधेयक मांडले. खटल्यापूर्वी महाधिवक्त्याची संमती घेण्याची अट काढावी, अशी तरतूद मूळ मसुद्यात होती. आपल्याकडील मंजुरीचीच ही बहीण म्हणायची. पुढे चर्चेत, धर्मग्रंथाच्या आधारे सद्भावनेने मांडलेल्या मताला असलेले संरक्षणही काढून टाकण्याची सूचना आली, तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये कॅनडाच्या बिशपांच्या परिषदेने तिला स्पष्ट विरोध केला. तेथील बिशपांची चिंता खरी आहे. मात्र त्यांचे शब्द आपण जसेच्या तसे उचलू नयेत. तेथे चर्च बहुसंख्यांच्या इतिहासाचा भाग आहे, येथे आपण दोन-अडीच टक्के. त्यांना प्रवचनाचे स्वातंत्र्य टिकवायचे आहे, आपल्याला प्रवचनाचे स्वातंत्र्यही टिकवायचे आहे आणि प्रवचन करणाऱ्याचे डोकेही.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये तयार झालेल्या रबात आराखड्यात या संदर्भात सहा कसोट्या दिल्या आहेत: प्रसंग कोणता, बोलणारा कोण, हेतू काय, मजकूर व त्याचे स्वरूप कसे, प्रसार किती, आणि प्रत्यक्ष हानी होण्याची शक्यता किती. सांगलीच्या भाषणाला या कसोट्या लावल्या, तर आमदार बोलत होता, सभा जाहीर होती, मारहाणीला किंमत लावली होती. निर्णय कठीण नाही. एखाद्या चिडलेल्या तरुणाने मोबाईलवर पुढे पाठविलेल्या विनोदाला त्याच कसोट्या लावल्या, तर तो गुन्हा ठरणार नाही, ठरूही नये. अशा कसोट्या कायद्याच्या मजकुरात असाव्यात, न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडू नयेत.

भाषणाहून अवघड प्रश्न कृत्याचा आहे. मारणाऱ्याच्या मनात द्वेष होता, हे सिद्ध कसे करायचे? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही हत्येमागे सूड होता, जात नव्हती, असाच निष्कर्ष ठेवला. त्या काळी कायद्याची भाषा अशी होती की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडलेला असला पाहिजे. जणू भांडण शेताच्या बांधावरून सुरू झाले की जात निघून जाते! संसदेने २०१५ च्या दुरुस्तीने हे शब्द बदलले. पीडित व्यक्ती त्या जातीची आहे हे ‘ठाऊक असताना’ गंभीर गुन्हा केला तरी पुरे, अशी भाषा २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. द्वेषगुन्ह्यांच्या कायद्यातील भारताचा सर्वांत मोलाचा बदल आमच्या मते हा आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

अर्थात याचा अर्थ प्रत्येक गुन्ह्यावर द्वेषाचा शिक्का मारावा असा नाही. जानेवारी २०२३ मध्ये माहीमच्या संत मायकल चर्चच्या दफनभूमीतील १८ क्रूस फोडलेले आढळले, तेव्हा आपल्यातील अनेकांनी चौकशीआधीच दोषी ‘समाज’ ठरवून टाकला होता. पोलिसांनी काही दिवसांत एका तरुणाला पकडले. एका माणसाच्या कृत्याचा दोष एका समाजावर टाकणे हाही द्वेषच आहे, आणि तो आपल्या अंगणात उगवला तर आपणच उपटला पाहिजे. ऑक्टोबर १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने अन्य धर्मीयांविषयीच्या घोषणापत्रात धर्म वा वंश यांवरून होणारा भेदभाव नाकारला, तो केवळ इतरांनी आपल्याशी कसे वागावे हे सांगण्यासाठी नव्हता.

आता सर्वांत दुखऱ्या मुद्द्याकडे येऊ. नगर, जालना, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या भागांतील आपले बहुसंख्य ख्रिस्तीजन पूर्वाश्रमीच्या दलित जातींतील आहेत. नायगावच्या चाळीत राहणाऱ्या बौद्ध बांधवाला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते असलेच पाहिजे. त्याच्याच गावच्या, त्याच्याच भावकीतल्या ख्रिस्ती माणसाला ते नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हे संरक्षण प्रथम हिंदूंपुरते ठेवले, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले. एप्रिल २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाळकाची अत्याचाराची तक्रार याच कारणास्तव रद्द केली: तक्रारदार ख्रिस्ती झाला, म्हणून त्याची अनुसूचित जात उरली नाही. शिवी देणाऱ्याने मात्र ती जातीवरूनच दिल्याचा त्याचा आरोप होता. गावाला त्याची जात ठाऊक असते, कायद्याला नसते. महाराष्ट्रात द्वेषगुन्ह्यांचा नवा कायदा झाला तर ही फट बुजविण्याची संधी त्यात आहे, कारण तशा कायद्यात आरोपीने पीडिताला काय समजून मारले हे महत्त्वाचे ठरवता येते. त्याच्या जातीच्या दाखल्यावर कोणता शिक्का आहे हे नव्हे.

म्हणून आपल्या संघटनांनी शासनाकडे मागणी करताना ‘कडक शिक्षा’ हे दोन शब्द लिहून थांबू नये. मंजुरी आवश्यक ठेवायचीच असेल तर तिचा निर्णय ठराविक दिवसांत लेखी कारणांसह व्हावा, आणि मुदत उलटल्यास मंजुरी मिळाली असे समजावे. नुसत्या शब्दांसाठी अटक नको. हिंसेला चिथावणी असेल तर विलंब नको. हत्येच्या कलमात ‘धर्म’ हा शब्द स्पष्टपणे घालावा, ही मागणी केंद्राकडे जावी. आणि मोजदाद व्हावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१७ सालच्या अहवालासाठी जमावहत्यांची माहिती गोळा करूनही ती प्रसिद्ध केली नाही. जे मोजले जात नाही, त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूदही होत नाही.

तोवर धर्मग्रामांनी आहे त्या कायद्याचा उपयोग करावा. मंजुरीची अट न्यायालयाने दखल घेण्यासाठी आहे, पोलिसांनी गुन्हा नोंदविण्यासाठी नाही. तेव्हा ‘वरून परवानगी नाही’ हे ठाण्यातील उत्तर स्वीकारू नये. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना द्वेषमूलक भाषणांबाबत तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदविण्यास सांगितले आहे, त्या आदेशाची प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात असावी. प्रथम माहिती अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे वा मुंबईत उपायुक्तांकडे लेखी अर्ज टपालाने पाठवावा, आणि तरीही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. भाषणाची चित्रफीत मूळ स्वरूपात जपून ठेवावी, दिनांक, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवावे. गुन्हा नोंदविला गेल्यावर मंजुरीचा प्रस्ताव गृह विभागाकडे कोणत्या तारखेला गेला, हे दर तीन महिन्यांनी माहितीच्या अधिकारात विचारावे. तीन वर्षे मोजायला आपणही त्याच दिवसापासून सुरुवात करावी.